हाकेनंतरचे तीन सेकंद

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे. डॉक्टरांनी 'ऑटिझम' हा शब्द उच्चारला तेव्हा मी घड्याळ पाहिले आणि ही वेळ फोनमध्ये लिहून ठेवली. बियाण्यांची उगवण तपासणे हा माझा व्यवसाय आहे. प्रयोगशाळेत चाचणी लावली की आम्ही सर्वांत आधी वेळ लिहितो, आणि त्या दुपारी हातांना दुसरे काही सुचले नसावे. माझी मुलगी, वय दोन वर्षे दहा महिने, डॉक्टरांच्या टेबलाखाली बसून वजनकाट्याच्या काचेवर तळहात फिरवत होती. काच थंड असावी. तिचा चेहरा अतिशय समाधानी होता.

डॉक्टर सावकाश, हिंदीत, प्रत्येक वाक्य आमच्यापर्यंत पोहोचले की नाही हे पाहत बोलत होते. माझ्या नवऱ्याने विचारले, "बोलेगी ना, सर?" ते म्हणाले, आज काही सांगता येणार नाही. मग अहवालातल्या एका ओळीवर पेन टेकवून म्हणाले, "नाम पुकारने पर रिस्पॉन्स नहीं है. शुरुआत यहीं से कीजिए."

"रिस्पॉन्स नहीं, मतलब कितनी बार में से कितनी बार?" मी विचारले.

त्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. "पाँच बार बुलाया था. एक बार भी नहीं देखा. आप क्या करती हैं, मैडम?"

मी सांगितले. ते हसले. मला हसू आले नाही. पाच हा नमुना मला अपुरा वाटत होता.

या हिंदीभाषक शहरात आम्ही सासऱ्यांनी बांधलेल्या घरात राहतो. ते संरक्षण कारखान्यात होते. निवृत्तीनंतर हे घर झाले आणि दोन वर्षांत ते गेले. आता घरात आम्ही तिघे आणि सासूबाई. गल्ली संपते तिथे मोठा रस्ता लागतो, आणि त्या रस्त्याने रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडे जाणारे मालट्रक दिवसभर धावत असतात. त्या दिवशी सासूबाई फाटकातच उभ्या होत्या.

"काय म्हणे डॉक्टर?"

"ऑटिझम आहे म्हणाले, आई. मेंदूची घडणच वेगळी असते. औषध नाही, थेरपी असते." नवरा बँकेत अधिकारी आहे; कर्ज नामंजूर झाल्याचे लोकांना शांतपणे सांगायची त्याला सवय आहे. तरी त्याचा आवाज बसला होता.

"कान चांगले आहेत ना तिचे?"

"चांगले आहेत. मशीनवर तपासले."

"मग काहून पाहत नाही ती? सकाळपासून मी कोकलून राहिली, अन् ही भिंतीकडे पाहते."

 मुलगी फाटकाची कडी वरखाली करत होती.

मराठीत या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. मी तो शब्द वापरत नाही, कारण तो माझ्या निरीक्षणाशी जुळत नाही. माझी मुलगी स्वतःमध्ये मग्न नसते. ती पंख्यात, डब्यांच्या झाकणांत, फरशीच्या सांध्यांत, नळाच्या धारेत मग्न असते. जगातल्या बहुतेक वस्तूंकडे ती आपल्यापेक्षा अधिक निष्ठेने पाहते. फक्त आम्ही त्या यादीत नव्हतो.

माझ्या भीतीचे कारण नेमके होते आणि ते मी नेमकेच सांगते. जानेवारीत एका सकाळी दूधवाल्यामागे फाटक उघडे राहिले. मी दारापुढच्या ओट्यावर कपडे वाळत घालत होते. मुलगी फाटकातून बाहेर पडली आणि गल्लीच्या तोंडाकडे चालू लागली. पळत नव्हती, कुठेतरी पोहोचायचे ठरले आहे अशा संथ, सरळ चालीने जात होती. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिची मान हलली नाही, पाऊल अडखळले नाही. मी धावत जाऊन तिला उचलले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला होती आणि समोरून गेलेल्या ट्रकच्या वाऱ्याने तिचे केस उडत होते. ती चाकांकडे पाहत होती. फिरणारी वस्तू तिला आवडते.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक हिशेब पक्का झाला. बोलणे उशिरा आले तरी चालेल, आले नाही तरी दुसरा मार्ग शोधता येईल. शाळा, अक्षरे, मैत्रिणी, सगळ्याची वाट पाहता येईल. हाक मारल्यावर थांबणे मात्र उशिरा येऊन चालणार नाही, कारण ते न आल्याची किंमत एकदाच आणि संपूर्ण मोजावी लागेल.

म्हणून डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी चाचणी आखली. मुलगी खेळात असताना तिच्यामागे सहा फुटांवर उभे राहायचे. साध्या आवाजात एकदा नाव घ्यायचे. टाळी नाही, खुळखुळा नाही. तीन सेकंदांत मान वळली तर एक, नाही तर शून्य. एका बैठकीत दहा हाका, दिवसातून तीन बैठका. तीन सेकंदांची मर्यादा माझ्या वाचनात आली होती आणि मला ती आमच्या गल्लीसाठीही योग्य वाटली.

पहिल्या आठवड्याची सरासरी दहात तीन आली. मला झालेला आनंद मी लपवला नाही. डॉक्टरांचे शून्य मी खोटे ठरवले होते.

"तू तिची परीक्षा घेतेयस की तिच्याशी बोलतेयस?" नवऱ्याने विचारले.

"दोन्ही."

"बोलताना कोणी सहा फूट मोजत नाही."

तरीही त्याला मी दुसरा निरीक्षक नेमले, कारण एकाच माणसाच्या आवाजावर निष्कर्ष काढणे योग्य नाही. सासूबाईंना नेमावे लागले नाही. त्या स्वतःहून रुजू झाल्या. मी प्रयोगशाळेतून परतले की चपला काढायच्या आत अहवाल मिळे.

"आज माझ्याकडून चार. लिहून घे."

"आई, ताट वाजवलं होतं का?"

"थोडंसं. पोळ्या करता करता लागलं हाताला."

"मग ते धरता येणार नाही."

"अगं, पाहिलं तर खरं ना पोरीनं! तुमच्या सायन्सात कृपांक नसतात काय?"

नवरा स्वयंपाकघरात तोंड फिरवून हसला. मीही हसले. त्या दिवसांत आम्ही अजून हसत होतो.

दुसऱ्या आठवड्यात सरासरी दोनवर आली. मी ती नोंद दोनदा तपासली. तिसऱ्या आठवड्यात एक. आम्ही बैठका वाढवल्या. शेजारच्या काकूंना कुंपणापलीकडून हाक मारायला सांगितले. नवरा बँकेतून व्हिडिओ कॉल करून हाक मारू लागला. सासूबाई देवपूजा करताना, भाजी निवडताना, मुलीच्या मागून पुढून फिरताना नाव घेत राहिल्या. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तीन बैठका सलग कोऱ्या गेल्या: शून्य, शून्य, शून्य.

ऑटिझम असलेली काही मुले कमावलेली कौशल्ये गमावतात, हे मी वाचले होते. वाचताना तो एक परिच्छेद होता. आता तो माझ्या आलेखावर डावीकडून उजवीकडे उतरत होता. एक मूल माझ्या डोळ्यांसमोर मागे मागे जात होते आणि मला त्याचा वेग माहीत होता. वेग माहीत असणे हा दिलासा असेल असे मला पूर्वी वाटत असे. तसे नसते. आज एक, उद्या शून्य. मग शून्याच्या खाली काय असते? ती मला ओळखेनाशी होईल का? ती आत्ता मला ओळखते, हे तरी मी कशावरून धरून चालले होते? रोज घरी आल्यावर मी दारात क्षणभर थांबे आणि ती पाहते का ते बघे. मग ती पाहत नसे, आणि मी आत जाऊन हात धूत असे.

आमच्या कामात एक प्रकार असतो. चाचणीची मुदत संपते, बी उगवलेले नसते, पण ते मेलेलेही नसते. कवच इतके टणक की पाणीच आत शिरत नाही. अशा बियांना आम्ही वेगळ्या रकान्यात घालतो. ही उपमा मला एका दुपारी सूक्ष्मदर्शकापाशी सुचली आणि मी ती तत्काळ टाकून दिली. माझ्या मुलीसाठी कोणताही रकाना मला नको होता.

डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढायला सांगितला; झटके येत नाहीत ना, हे पाहायचे होते. डोक्याला वीस-एक तारा चिकटवलेली, औषधाने झोपलेली मुलगी मी मांडीवर घेऊन बसले. अहवाल स्वच्छ आला. नवऱ्याने मोठा श्वास सोडला. मला भीती वाढल्यासारखे वाटले, कारण आता घसरणीला कारणही उरले नव्हते.

मार्चच्या मध्यावर सासूबाईंनी जाहीर केले की त्यांनी नर्मदामाईला कढाई बोलली आहे. इकडे ही रीत आहे: घाटावर चूल मांडून रव्याचा शिरा करायचा, माईला चढवायचा, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचा. नातीने हाकेला ओ द्यावी एवढे मागणे होते.

"पाण्यापाशी नको," मी म्हणाले. "तिला पाणी दिसलं की ती ऐकत नाही."

"ती कुठं ऐकते तशीही? माईपाशी काही होत नाही."

"हा युक्तिवाद नाही, आई."

"नसू दे. शिरा आहे. खाशील ना?"

रविवारी सकाळी आम्ही तिलवाऱ्याच्या घाटावर गेलो. मी कामाची वाटणी करून दिली: सासूबाई आणि नवरा चुलीपाशी, मुलगी पूर्णवेळ माझ्याकडे, हात सोडायचा नाही. अर्धा तास मी तो सोडला नाही. ती पायरीवर माझ्याशेजारी बसून पाण्यावरचे ऊन पाहत होती. गोवऱ्यांचा धूर होता, पुलावरून नागपूरच्या दिशेने गाड्या जात होत्या, रवा भाजल्याचा वास येऊ लागला होता. ती इतकी स्वस्थ होती की मला वाटले, ही चांगली संधी आहे. नवी जागा, नवे आवाज. घरात कोऱ्या जाणाऱ्या हाका इथे कदाचित लागतील.

मी तिचा हात सोडला, उठले, आणि तिच्यामागे सहा फुटांवर, दोन पायऱ्या वर, जाऊन उभी राहिले.

पहिली हाक. शून्य. दुसरी हाक. शून्य. तिसऱ्या हाकेला ती उठली. क्षणभर मला वाटले, वळणार. ती पायऱ्या उतरू लागली.

मी हाक मारली. ही चाचणी नव्हती. माझा घसा फाटला होता, पण शब्द तोच होता. गेले महिनाभर दिवसातून शंभरदा तिच्या पाठीवर आदळणारा, ज्याच्यानंतर कधी काहीही घडत नसे. तिला फरक कळण्याचे काही कारण नव्हते. ती घोटाभर पाण्यात गेली, मग गुडघाभर. दिवे विकणारी बाई ओरडली, "अरे बच्ची! बच्ची!" शेवाळावर माझा पाय घसरला आणि मी बसल्या बसल्याच दोन पायऱ्या खाली गेले. माझ्या हातात तिचा फ्रॉक आला तेव्हा पाणी तिच्या छातीला लागले होते. ती हसत होती. ऊन तिच्या अंगाभोवती सगळीकडे फुटत होते आणि ते पकडायला तिने दोन्ही हात पसरले होते.

शिरा करपला. नवरा आमच्यापाशी आला आणि त्याने आम्हा दोघींना एकदम धरले. सासूबाईंनी कढईच्या तळाचा करपलेला भाग बाजूला केला, वरचा चढवला आणि परत येऊन म्हणाल्या, "माईनं परत दिली आपल्याला." श्रेय कोणाचे यावर वाद घालण्याची शक्ती माझ्यात नव्हती. 

डॉक्टरांनी सुचवलेली आमची थेरपिस्ट वयाने माझ्याएवढीच आहे. दोन खोल्यांचे केंद्र चालवते. घाटावरच्या रविवारानंतर मी तिला आलेख दाखवला, तारखा समजावल्या, निरीक्षकांमधला फरक किती कमी आहे तेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

"पूरे घर को मिलाकर दिन में कितनी बार नाम लेते हैं?"

"सौ के आसपास."

"और वो देख ले, तब क्या होता है?"

"हम एक लिखते हैं."

ती हसली नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे. "उसके लिए क्या होता है, मैडम? उसे क्या मिलता है?"

काही नाही. आम्ही तिला काहीही देत नव्हतो, कारण काही दिले तर चाचणी बिघडली असती. ती वळली तर आम्ही फोनकडे वळत होतो.

"घड़ी की टिक-टिक आपको सुनाई देती है? पहले दिन देती है. फिर नहीं देती." तिने आलेख माझ्याकडे सरकवला. "बच्ची पीछे नहीं गई है. नाम घिस गया है. चार हफ़्ते नाम बंद. घर में कोई नहीं लेगा, लाड़ का नाम भी नहीं. फिर एक बार लेंगे, और उसके बाद कुछ अच्छा होगा. हर बार होगा."

"और वापस नहीं आया तो?"

"तो नया रास्ता देखेंगे," ती म्हणाली. येईलच, असे ती म्हणाली नाही. मीही तिच्या जागी असते तर म्हणाले नसते.

घरी हे सांगितल्यावर सासूबाई खाली बसल्या. इतके दिवस त्यांनी डॉक्टर, तारा, तपासण्या सगळे सोसले होते.

"जिवंत पोरीचं नाव घ्यायचं नाही?"

"चारच आठवडे, आई."

"नाव गेलेल्या माणसाचं सोडतात गं." त्यांनी पदर तोंडावर धरला. "हे काय करून राहिली तू?"

मी त्यांना सवयीचा सिद्धांत समजावून सांगितला. त्यांना तो समजला. त्या हुशार आहेत. पण त्या जे बोलल्या ते मलाही समजले होते, आणि ते सिद्धांताने पुसले जात नव्हते.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी नेहमीप्रमाणे कुंपणावरून नावाने हाक मारली, तेव्हा सासूबाई चुलीवरचे दूध टाकून बाहेर धावल्या. "दीदी, नाम मत लो! मना किया है." काकूंनी डोळे मोठे केले, कोणी मना केले हे विचारलेही नाही, आणि गंभीरपणे मान हलवली. नजर लागलेल्या मुलाचे नाव काही दिवस घेत नाहीत, ही गोष्ट त्यांना शिकवावी लागत नव्हती. दोन दिवसांत सगळी गल्ली गप्प झाली. किराणा दुकानदार "बिटिया" म्हणतानासुद्धा आवाज उतरवू लागला. माझ्या कोणत्याही प्रयोगाला इतके संपूर्ण सहकार्य आजवर मिळालेले नाही.

मग ते आठवडे सुरू झाले. घरात तिचा उल्लेख 'ती' असा होई. ती जेवली का, ती झोपली का, ती कुठे आहे. 'ती कुठे आहे' हे सर्वांत वाईट, कारण हाकच नसल्यामुळे प्रत्येक वेळी उठून पाहावे लागे. मी फाटकाची कडी उंचावर बसवून घेतली. न्हाणीघरातल्या बादल्या पालथ्या करून ठेवल्या. तरीही प्रयोगशाळेत बसल्या बसल्या मला मध्येच वाटे की आत्ता, या क्षणी, फाटक उघडे आहे. मी घरी फोन करी. सासूबाई म्हणत, "आहे गं बाई, आहे. झाकण फिरवून राहिली."

आकडे नसल्यामुळे मला काहीच कळत नव्हते. घसरणारा आलेख भयंकर होता, पण त्याला निदान कडा होत्या. आता फक्त कोरी जागा होती, आणि तिच्यात मी काहीही कल्पू शकत होते. ती पंधरा वर्षांची होऊन त्याच संथ, सरळ चालीने एखाद्या अनोळखी गावातून चालली आहे आणि कोणाला तिचे नाव माहीत नाही. आम्ही दोघे मेल्यानंतर तिला हाक मारणारे कोणी नाही. असल्या चित्रांसाठी मी एरवी माणसांना हसत असे.

भीती केवळ तिची नव्हती, हेही लिहिले पाहिजे. त्याच महिन्यात दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या प्रकल्पाच्या प्रमुखपदासाठी अर्ज मागवले होते. ते पद मला हवे होते. सहा वर्षे मी त्याच दिशेने काम केले होते. अर्ज अर्धा भरून तसाच पडून राहिला. मला भीती वाटत होती की एक दिवस मी तिच्याकडे पाहीन आणि मला ते पद दिसेल. नवऱ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मला रोज दिसतं. मी बढतीची बदली नाकारली फेब्रुवारीत." त्याने मला सांगितलेच नव्हते. 

नाव मी मनात घेत असे. फाईलवर सही करताना, स्कूटर थांबवून सिग्नलला उभी असताना, ओठ न हलवता. ते झिजले असेल तर ते आमच्या वापराने झिजले होते. ते कसे वाटते हे विसरायला मला नको होते.

चार आठवडे संपल्यावर शनिवारी दुपारी थेरपिस्टने घरी हाक मारायची परवानगी दिली. एकच हाक. मुलीने उत्तर दिले तर लगेच स्टीलच्या डब्याचे झाकण फरशीवर फिरवायचे; नाही दिले तर दुसरी हाक मारायची नाही, दिवस सोडून द्यायचा.

हाक कोणी मारायची यावर चर्चा झाली. सर्वांत जास्त झिजलेला आवाज माझा होता. शास्त्रीयदृष्ट्या नवऱ्याची निवड योग्य ठरली असती.

"तू मार," सासूबाई म्हणाल्या. "रस्त्यावर तिच्या मागं कोण पळतं? तूच ना?"

हे बरोबर होते. रस्त्यावर उपयोग माझ्याजवळ असलेल्या आवाजाचाच होणार होता.

आम्ही कूलर बंद केला. एप्रिलच्या उकाड्यात खोली एकदम शांत झाली. मुलगी खिडकीखाली पाठमोरी बसून बोटाने फरशीचा सांधा गिरवत होती. नवरा दाराच्या चौकटीत होता, सासूबाई पलंगाच्या कडेला. मी झाकण डाव्या हातात धरले, उजव्या हातात फोनचे घड्याळ. मी घड्याळ सुरू केले. मी नाव घेतले.

महिन्याभरानंतर ते नाव त्या खोलीत उमटले आणि सासूबाईंचे डोळे भरले. मुलीचे बोट सांध्यावर सरकत राहिले.

एक. दोन. तीन.

माझ्या नियमाप्रमाणे चाचणी संपली होती. नवऱ्याने श्वास सोडला. सासूबाईंचे तोंड दुसऱ्या हाकेसाठी उघडले आणि मी हात वर केला. दुसरी हाक नाही. मग आम्ही तिघे जिथे होतो तिथेच राहिलो, कारण जाणार कुठे? मी तिच्या मानेकडे पाहत होते. फ्रॉकच्या गळ्याच्या वर घामाने चिकटलेले केस होते. एवढ्या वेळात ती फाटकातून बाहेर पडली असती. आता ती गल्लीत असती. आता रस्त्याच्या कडेला. मी तिला मनातल्या मनात चालवत होते आणि थांबवू शकत नव्हते. आता ट्रक.

बोट थांबले. तिने मान वळवली. माझ्या डोळ्यांत पाहिले नाही. माझ्या खांद्याजवळ कुठेतरी पाहिले, आवाज जिथून आला असावा अशा जागी, आणि तिथे तिची नजर टिकली. मी घड्याळ थांबवले आणि झाकण खाली ठेवून फिरवले. ते फरशीवर घणघणत गेले आणि ती आनंदाने ओरडली.

"पाहिलं! पाहिलं पोरीनं!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "एक लिही! आज ताट नाही वाजवलं कोणी."

"एक लिही ना," नवरा म्हणाला. 

तीन सेकंदांच्या नियमाने ते शून्य होते. सासूबाईंच्या नियमाने एक. मी दोन्हींपैकी काहीच लिहू शकत नव्हते. शून्य लिहिणे खोटे झाले असते, आणि एक लिहिणे म्हणजे फाटकाची कडी पुन्हा खाली आणण्यासारखे होते. तेवढ्या वेळात ती रस्त्याच्या मधोमध पोहोचते, हे मी नुकतेच मनात पाहिले होते. मी नवा रकाना उघडला, त्यावर 'सेकंद' असे लिहिले, थांबवलेले घड्याळ पाहिले आणि त्यातला आकडा खाली उतरवला: ११.